फोडणी, लेसर आणि हळकुंडाचा नकाशा

सिद्धेश्वर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सोलापूरचं तळं आणि गड्ड्याची जत्रा येते. मी म्हणतोय ते सिद्धेश्वर वेगळं. हिंगोली जिल्हा, औंढा नागनाथ तालुका, पूर्णा नदी. वरच्या अंगाला येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशी ही धरणांची जोडी, दोन्ही १९६८ च्या सुमारास पुरी झालेली. येलदरी पाणी साठवतं, थोडी वीज करून घेतं आणि खाली सोडतं. सिद्धेश्वर ते अडवून कालव्यात घालतं, आणि तो कालवा वसमतच्या बाजूला निघतो. हळद हे आठ-नऊ महिने शेतात राहणारं पीक. नुसत्या पावसाच्या भरवशावर ते लावायची हिंमत कोण करणार? पाणी आहे म्हणून हळद आहे. आज महाराष्ट्रात हळदीच्या लागवडीत हिंगोली जिल्हा आघाडीवर आहे, आणि २०२४ साली 'वसमत हळद' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आता तुम्ही म्हणाल, सुट्टीच्या दिवशी हा आम्हाला हळदीचा बाजारभाव सांगणार की काय! नाही. आजचा विषय आहे मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंग. म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर कोणता रासायनिक पदार्थ नेमका कुठे बसलाय, त्याचा नकाशा काढायची विद्या. नाव भारदस्त आहे, पण घाबरू नका. हा सगळा इतिहास मी हळदीचं बोट धरूनच सांगणार आहे, कारण हळद या गोष्टीत दोनदा येते. एकदा मदतनीस म्हणून आणि एकदा संशयित म्हणून.

आधी मूळ प्रश्न बघू. हिंगोलीला संत नामदेव मार्केट यार्डात हळदीचे ढीग लागतात. मुरलेला खरेदीदार ढिगातनं हळकुंड उचलतो आणि मोडतो. मोडताना आवाज कसा येतो ते ऐकतो (नीट वाळलेलं हळकुंड खणकन वाजतं) आणि आतला रंग बघतो. प्रयोगशाळा काय करते? हळकुंड दळते, पूड द्रावकात विरघळवते, यंत्रात घालते आणि सांगते की कुर्क्युमिन अमुक टक्के. प्रयोगशाळेचं उत्तर अर्थातच जास्त अचूक. पण गंमत बघा, दळल्याबरोबर एक माहिती कायमची गेली. ते कुर्क्युमिन सालीजवळ होतं, गाभ्यात होतं की सगळीकडे सारखं होतं? व्यापाऱ्याने मोडून निदान 'कुठे' बघितलं. प्रयोगशाळेने फक्त 'किती' सांगितलं.

आपल्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी अख्ख्या फोटोतल्या सगळ्या पिक्सेलची सरासरी काढून एकच रंग हातात दिला. आकडा बरोबर, फोटो गायब.

पृष्ठभागावर काय कुठे आहे हे बघायची जुनी पद्धत म्हणजे रंग. तीसुद्धा आपल्या घरात आहे. पांढऱ्या शर्टावर वरण सांडलं की डाग पिवळा असतो. साबण लावला की तोच डाग लालभडक होतो आणि धुणारा माणूस दचकतो. हळदीला अल्कली मिळाली की ती लाल होते. हळदीत चुना किंवा टाकणखार घालून कुंकू होतं ते याच गुणावर. युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात हळद लावलेले कागद अल्कली ओळखायला सर्रास वापरले. म्हणजे साबणाचं पाणी कुठवर पोचलंय याचा नकाशा तो शर्ट आपोआप काढून देतो!

पण रंगाची अडचण अशी, की तो एका वेळी एकाच प्रश्नाचं उत्तर देतो. अल्कली आहे की नाही, बस्स. हळकुंडात शेकडो प्रकारचे रेणू असतात. प्रत्येकासाठी वेगळा रंग कुठून आणायचा? आणि ज्याचा आपल्याला संशयच आला नाही, त्याच्यासाठी रंग वापरायचं सुचणार तरी कसं? त्यापेक्षा प्रत्येक रेणू सरळ काट्यावर ठेवून वजन केलं तर? वजनावरून ओळख. मास स्पेक्ट्रोमीटर हा तो काटा.

याची सुरुवात केंब्रिजमध्ये झाली. १९१३ च्या आसपास जे. जे. थॉमसन (इलेक्ट्रॉनवाले तेच) निऑन वायूचे विद्युतभारित कण चुंबकीय आणि विद्युत क्षेत्रातून पाठवत होते. हलके कण जास्त वळतात, जड कण कमी. फोटोच्या काचेवर निऑनची एक वक्र रेघ उमटायला हवी होती. उमटल्या दोन, एक २० वजनाची आणि एक २२ ची. एकाच मूलद्रव्याचे दोन वेगवेगळ्या वजनांचे अणू, म्हणजेच समस्थानिक. थॉमसनचा मदतनीस फ्रान्सिस अ‍ॅस्टन याने १९१९ मध्ये यंत्र सुधारलं, धडाधड एकेका मूलद्रव्याचे समस्थानिक शोधले आणि १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. ही दोन रेघांची गोष्ट लक्षात ठेवा. शंभर वर्षांनी ती हळदीच्याच प्रकरणात परत येणार आहे.

पुढची बरीच वर्षं हे यंत्र 'किती' याच प्रश्नात अडकलं. अणुऊर्जेच्या काळात तर समस्थानिकांची मोजदाद हा जीवनमरणाचा विषय झाला. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही मास स्पेक्ट्रोमीटर स्वतः घडवले गेले, कारण जड पाणी आणि युरेनियम मोजायला दुसरा उपाय नव्हता.

'कुठे' हा प्रश्न गंभीरपणे विचारला तो पॅरिसजवळच्या ओर्से इथे रेमाँ कास्तँ आणि जॉर्ज स्लोद्झियाँ यांनी, १९६२ साली. कल्पना अशी: पृष्ठभागावर आयनांचा मारा करायचा. गारपिटीत जशी माती उडते तसे पृष्ठभागाचे कण उडतात. त्यातल्या विद्युतभारित कणांचं वजन करायचं आणि ते ज्या जागेवरून उडाले ती जागा चित्रात सांभाळायची. व्हिएन्नात हेरत्सोग आणि फिबॉक यांनी १९४९ मध्ये अशा उडालेल्या आयनांचं वजन करून दाखवलं होतं, त्याला आता चित्राची जोड मिळाली. सिम्स नावाचं हे तंत्र. अमेरिकेत अशाच यंत्राच्या विकासाला नासाने पैसे पुरवले, कारण चंद्रावरून दगड येणार होते आणि मूठभर दगड दळून बघणं कुणालाच परवडणारं नव्हतं. गोष्ट दुर्मिळ असली की 'न दळता सांगा' ही मागणी आपोआप येते.

दगडासाठी हे झकास. हळदीसाठी? अवघड. कुर्क्युमिनचा रेणू म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे मिळून ४७ अणू एकमेकांना धरून बसलेले. वजन ३६८. त्याच्यावर आयनांचा असा मारा केला की त्याचे तुकडे होतात, आणि तुकड्यांच्या वजनावरून मूळ रेणू ओळखणं म्हणजे फुटलेल्या कपाच्या चुऱ्यावरून कप कुठल्या दुकानातला ते सांगणं. प्रथिनं तर याच्या शेकडोपट मोठी, त्यांचा विचारच नको. मोठा रेणू अख्खा, न मोडता उडवायचा कसा? या प्रश्नाने रसायनशास्त्रज्ञांना अनेक वर्षं दमवलं.

आणि इथे एन्ट्री होते एका नोकरदार इंजिनिअरची :)

कोइची तानाका. जन्म १९५९. शिक्षण इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, पीएचडी नाही. नोकरी क्योटोच्या शिमाझु कंपनीत. मोठ्या रेणूंना लेसरने हलकेच उडवायच्या प्रकल्पावर त्याला बसवलेलं. धातूची अतिसूक्ष्म पूड लेसरची ऊर्जा शोषून घेईल आणि रेणूला ऊब देईल, असा अंदाज. फेब्रुवारी १९८५ मध्ये त्याने कोबाल्टच्या पुडीत अ‍ॅसिटोनऐवजी चुकून ग्लिसरीन ओतलं. पूड महाग. फेकून द्यायचं जिवावर आलं, म्हणून त्याने तोच चिखल यंत्रात घातला. ग्लिसरीन लवकर उडून जावं म्हणून लेसर मारत राहिला आणि पडद्याकडे बघत राहिला. तिथे सिग्नल दिसला. मोठा रेणू अख्खा उडाला होता. २००२ साली त्याला रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. (अप्रेझलची वाट बघणाऱ्या मंडळींनी नोंद घ्यावी.)

पण इतिहास इतका सरळ नसतो. त्याच १९८५ मध्ये जर्मनीत मिखाएल करास आणि फ्रान्झ हिलेनकाम्प यांना दिसलं की अ‍ॅलनिन नावाचं अमिनो आम्ल एकटं असताना लेसरला दाद देत नाही, पण ट्रिप्टोफॅन सोबत असलं की सहज उडतं. ट्रिप्टोफॅन लेसर पितं आणि शेजाऱ्याला उडवतं. या मदतनिसाला त्यांनी मॅट्रिक्स म्हटलं आणि पद्धतीचं नाव पडलं माल्डी. आज जगभर वापरतात ती पद्धत मुख्यतः या दोघांची. नोबेलच्या यादीत मात्र त्यांची नावं नाहीत. १९८८ मध्ये मोठी प्रथिनं उडवल्याचे निबंध दोन्हीकडून आले. वाद अजूनही अधूनमधून निघतो. असो.

मला स्वतःला या सगळ्यात भारी वाटते ती पुढची गोष्ट. चांगला मॅट्रिक्स कोणता, याचा शोध सुरू झाला. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात बीव्हिस आणि चेट यांनी सिनॅमिक आम्लाच्या कुटुंबातले पदार्थ वापरून बघितले आणि ते अफलातून चालले. आता नावं बघा. सिनॅमिक, हे नाव दालचिनीवरून. सिनॅपिनिक, हे मोहरीच्या लॅटिन नावावरून. फेरुलिक, हे फेरुला म्हणजे हिंगाच्या झाडावरून. मसाल्याचा डबाच उघडला की! मोहरी झाली, हिंग झालं. फोडणीत आता काय राहिलं?

बरोबर. हळद. २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड हॅलम विद्यापीठात सिमोना फ्रांचेझे यांच्या गटाने कुर्क्युमिन मॅट्रिक्स म्हणून वापरून दाखवलं, औषधांच्या रेणूंपासून बोटांच्या ठशांपर्यंत. ते का चालतं हे त्याच्या रासायनिक नावातच आहे: डायफेरुलॉइलमिथेन. म्हणजे फेरुलिक आम्लाचे दोन घटक मधे कार्बनने जोडलेले. हिंगाचा रेणू दुहेरी करा, हळदीचा रेणू होतो (रसायनवाल्यांनी माफ करावं, ढोबळ बोलतोय). ही रचना अतिनील प्रकाश छान शोषते, आणि या यंत्रांतले लेसर नेमके तिथेच काम करतात.

म्हणून मला माल्डी समजली ती फोडणीच्या उदाहरणाने. कढईतलं तेल तापतं, मोहरी तडतडून उडते आणि तिच्याबरोबर हिंग-हळदीचा वास घरभर जातो. कढईला थेट जाळ लावून वास उडवायला गेलात तर फक्त करपेल. मधे तेल लागतं. मॅट्रिक्स म्हणजे हे मधलं तेल.

एवढं झाल्यावर शेवटची पायरी तशी सोपी होती, पण ती घ्यायला कुणीतरी लागतं. रिचर्ड कॅप्रिओली यांनी १९९७ मध्ये ती घेतली. ऊतीचा पातळ काप घ्यायचा, त्यावर मॅट्रिक्स फवारायचा आणि लेसर एका बिंदूवर न मारता ओळीने बिंदू-बिंदू करत पूर्ण कापावर फिरवायचा. प्रत्येक बिंदूवर कोणत्या वजनाचे रेणू किती उडाले ते नोंदवायचं. मग कॉम्प्युटरला विचारायचं, 'मला फक्त या वजनाचा नकाशा दे.' आणि तो चित्र रंगवून देतो. वजन बदललं की नकाशा बदलला. एकच काप, हजारो नकाशे.

वजन कसं करतात? उडालेल्या सगळ्या आयनांना विद्युत क्षेत्राने सारखीच ऊर्जा द्यायची आणि एका निर्वात नळीतून पळवायचं. हलका आधी पोचतो, जड मागून. चौपट जड असेल तर दुप्पट वेळ. बाकी सगळं स्टॉपवॉचचं काम.

हळकुंडावर हे लावून बघा. हळदीचा पिवळेपणा एका रेणूचा नसतो. तीन भावंडं असतात: कुर्क्युमिन ३६८, दुसरं ३३८ आणि तिसरं ३०८. प्रत्येक पायरीला ३० चा फरक. डोळ्याला तिन्ही पिवळीच. काट्याला मात्र तिघं लांबूनच वेगळी दिसतात. २०१९ मध्ये जपानमध्ये शुइची शिम्मा आणि सहकाऱ्याने वाळलेल्या हळकुंडाच्या कापावर या भावंडांची विभागणी अशाच इमेजिंगने काढून प्रसिद्ध केली. आपल्याकडे आयआयटी मद्रासच्या टी. प्रदीप यांच्या गटाने २०१३ मध्ये सदाफुलीच्या पानाफुलांचे रासायनिक नकाशे काढले. कुंपणावरची सदाफुली, जिच्यातून कॅन्सरची औषधं मिळतात, तीच. त्यासाठी वापरलेली पद्धत थोडी वेगळी, डेसी नावाची. ग्रॅहम कुक्स यांच्या पर्ड्यू विद्यापीठातल्या प्रयोगशाळेतून ती २००४ मध्ये आली. लेसरऐवजी विद्युतभारित थेंबांचा फवारा असतो, आणि नमुना निर्वात पोकळीत ठेवावा लागत नाही.

आता आपल्या जातभाईंसाठी थोडा हिशेब. दोन सेंटिमीटर बाय दोन सेंटिमीटरचा काप घेतला आणि ५० मायक्रॉनवर एक बिंदू धरला, तर ४०० गुणिले ४००, म्हणजे १,६०,००० पिक्सेल. मोबाइलच्या फोटोत प्रत्येक पिक्सेलला तीन आकडे असतात, लाल-हिरवा-निळा. इथे प्रत्येक पिक्सेलला एक पूर्ण वर्णपट, समजा एक लाख आकडे. गुणाकार करा: १६०० कोटी आकडे. चार बाइटने धरले तर ६४ जीबी. एका हळकुंडाच्या एका कापाचा! साहजिकच यंत्र विकणाऱ्या प्रत्येक कंपनीचा फाइल फॉरमॅट वेगळा होता आणि एकाची फाइल दुसऱ्याला उघडत नव्हती (ओळखीचं वाटतंय ना?). मग युरोपातल्या एका संयुक्त प्रकल्पातून 'आयएमझेडएमएल' नावाचा सामाईक फॉरमॅट आला. वर्णन एक्सएमएलमध्ये, आकडे शेजारच्या बायनरी फाइलमध्ये, आणि दोघांना बांधणारा एक युनिक आयडी. आपल्यापैकी कुणीही दुपारच्या चहाला असंच डिझाइन सुचवलं असतं. २०१७ मध्ये हायडलबर्गच्या मंडळींनी 'मेटास्पेस' आणलं. तिथे फाइल चढवायची आणि कोणता ठिपका कोणत्या रेणूचा असावा याचं उत्तर, चुकीच्या ओळखींच्या अंदाजासकट, मिळवायचं.

चुकीचा अंदाज कशाला हवा? कारण हे चित्र म्हणजे फोटो नव्हे. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोघांचं वजन १८०. नुसत्या काट्याला दोघं एकच. शिवाय काही रेणू पटकन उडतात, काही हटून बसतात. म्हणून नकाशात जिथे जास्त चमक, तिथे तेवढ्याच पटीत जास्त पदार्थ, असं डोळे मिटून म्हणता येत नाही. रंगीत चित्र दिसलं की आपला लगेच विश्वास बसतो, म्हणून हे सांगून ठेवलं.

या विद्येची सगळ्यात चटका लावणारी दिशा म्हणजे बोटांचे ठसे. ठशांचा इतिहासही आपल्याच भूमीतला. बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेलने १८५८ मध्ये कंत्राटावर हाताचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय उघडलं, आणि ठशांची वर्गवारी करायची जी पद्धत पुढे 'हेन्री पद्धत' म्हणून जगभर गेली, तिच्यामागचं डोकं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं होतं. नाव साहेबाचं लागलं. त्या पद्धतीत ठसा म्हणजे फक्त रेघा. पोलिसांच्या नोंदीत त्या रेघा सापडल्या नाहीत की ठसा मुका.

पण ठसा म्हणजे घाम, तेल आणि बोटांनी ज्याला-ज्याला हात लावला त्याचे अंश. २००८ मध्ये कुक्स यांच्या गटाने डेसीने ठशाचा नकाशा काढून त्यात कोकेनसारखे पदार्थ रेघांसकट दाखवले. शेफील्डचा गट पोलिसांबरोबर हेच काम पुढे नेत होता. गुन्ह्याच्या जागेवर ठसा आधी पावडर टाकून दिसता करावा लागतो. मग तीच पावडर मॅट्रिक्सचं काम करणारी असेल तर? म्हणून कुर्क्युमिन. आणि पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्येच साधी हळद पूड वापरून वेगवेगळ्या पृष्ठभागांवरचे ठसे उमटवून दाखवले होते. मुकं कागदपत्र बोलतं करायला हळद! इथे 'कुठे' या प्रश्नाचं वजन कळतं. तुमच्या टेबलावर अमली पदार्थाचा कण सापडला, याचा अर्थ काहीही असू शकतो. तोच पदार्थ ठशाच्या रेघांवर रेघांच्या आकारात सापडला, तर गोष्ट वेगळी. एका माणसाची सुटका किंवा शिक्षा या फरकावर ठरू शकते.

इथपर्यंत हळद मदतनीस होती. आता संशयित.

हळद काढली की वाफेवर शिजवतात, पंधरा दिवस उन्हात वाळवतात आणि मग ड्रममध्ये फिरवून पॉलिश करतात. शिजवल्याने पिष्ट फुगतं आणि रंग आत एकसारखा पसरतो. पॉलिशने खरखरीत साल जाऊन हळकुंड उजळ दिसतं. इथे, शेवटच्या पायरीवर, लबाडीला जागा आहे. बांगलादेशात १९८८ च्या महापुरानंतर हळद ओली राहून काळवंडली, आणि पॉलिश करताना वरून पिवळा रंग लावायची चाल तिथे पडली. रंग होता लेड क्रोमेट. शिशाचा संयुग. भडक पिवळा, स्वस्त, आणि लहान मुलांच्या मेंदूचं कायमचं नुकसान करणारा.

ग्रामीण बांगलादेशात गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडत होतं आणि ते कुठून येतंय हे कळत नव्हतं. शिशाने जोडलेले डबे? शेतीची औषधं? इथे अ‍ॅस्टनचा वारसा कामाला आला. शिशाला चार स्थिर समस्थानिक आहेत आणि त्यांचं प्रमाण खाणीगणिक बदलतं. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्याची आयसीडीडीआर,बी ही संस्था यांच्या संशोधकांनी रक्तातल्या शिशाचं हे प्रमाण मोजलं आणि संशयितांशी ताडून बघितलं. २०१९ मध्ये निकाल आला: हळद. केंब्रिजच्या काचेवर निऑनच्या दोन रेघा उमटल्या होत्या, त्याच तत्त्वाने शंभर वर्षांनी एका खेड्यातल्या स्वयंपाकघरातला गुन्हेगार पकडला.

पुढचं काम पोलिसांचं आणि दवंडीचं. २०१९ पासून बांगलादेश सरकारने बाजारांत छापे घातले, एक्स-रेवर चालणारी हातातली यंत्रं घेऊन ढीग तपासले, व्यापाऱ्यांना दंड केले आणि ते टीव्हीवर दाखवलं. बाजारातल्या भेसळीच्या नमुन्यांचं प्रमाण २०१९ मध्ये ४७ टक्के होतं, २०२१ मध्ये शून्य झालं. गिरणीत काम करणाऱ्यांच्या रक्तातलं शिसंही सुमारे ३० टक्क्यांनी उतरलं. इतक्या थोड्या काळात इतका मोठा फरक पडल्याची उदाहरणं सार्वजनिक आरोग्यात फार नाहीत.

आपण सुटलोय असं समजू नका. २०२४ मध्ये भारत, पाकिस्तान, श्रीलंका आणि नेपाळमधल्या २३ शहरांतून घेतलेल्या ३५६ नमुन्यांचा अभ्यास आला. सुमारे १४ टक्के नमुन्यांत शिसं दखल घेण्याइतकं होतं आणि पाटण्यासारख्या ठिकाणी ते भारतातल्या मर्यादेच्या शंभरपटीहून जास्त निघालं.

आता 'कुठे' हा प्रश्न पुन्हा विचारा. हळकुंड दळून पुडीत शिसं सापडलं तर दोष कुणाचा? जमिनीतून आलं असेल तर ते आतल्या गाभ्यातही असेल. वरून लावलं असेल तर सालीवर कडं दिसेल. लेसरने थोडं-थोडं खरवडत मूलद्रव्यांचे असे नकाशे काढायची यंत्रं आहेत. म्हणजे नकाशा असेल तर शेतकरी निर्दोष सुटतो आणि बोट पॉलिशच्या ड्रमकडे जातं. पुडीचा आकडा असेल तर दोघं एकाच पिंजऱ्यात. भौगोलिक मानांकनाचं नाव अभिमानाने मिरवायचं असेल, तर त्या नावाखाली कुणी काय विकतंय हे सिद्ध करायची सोयही त्याच गावाजवळ हवी, असं मला वाटतं. वसमतला राज्य सरकारने हळद संशोधन केंद्र मंजूर केलंय. हळकुंडाचा नकाशा जपानमध्ये निघाला, ठीक आहे. पण सिद्धेश्वरच्या पाण्यावरच्या हळदीत कुर्क्युमिन कुठे बसतं, शिजवल्याने ते कुठे सरकतं, पॉलिशमध्ये सालीबरोबर किती जातं, हे प्रश्न जपानला पडणार नाहीत. ते आपल्यालाच विचारावे लागतील. यंत्रं कोटींत आहेत हे खरं, पण एक यंत्र अनेकांना पुरतं, आणि त्यातून निघणाऱ्या डेटाशी झटणारे हात तर आपल्याकडे ढिगाने आहेत. कुणाला सुट्टीच्या दिवशी खेळायला काही हवं असेल तर मेटास्पेसवर हजारो नकाशे उघडे पडलेत. डाउनलोड करा आणि बघा.

आणि आपण गिऱ्हाईक म्हणून काय करायचं? हळकुंड जितकं भडक, तितकं चांगलं ही समजूत आधी सोडायची. ती भेसळ आपल्या डोळ्यांसाठीच केली जाते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांगितलेली एक सोपी तपासणी आहे. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, त्यात अख्खं हळकुंड टाका. शुद्ध असेल तर पाण्याला रंग सुटत नाही. वरून लेड क्रोमेट लावलेलं असेल तर लगेच पिवळा रंग सुटायला लागतो. लेसर नाही, निर्वात नळी नाही, पण प्रश्न तोच: पिवळेपणा आत आहे की वर? या आठवड्यात एकदा करून बघा, आणि काय दिसलं ते घरच्यांनाही दाखवा.